तीन बोटं

"अप्पा, तुमच्या तोंडात तीन बोटं उभी जातात का ओ?"

विरेशचा चमचा ताटातच थांबला. रविवारची दुपार होती. कडक भाकरी आमटीत भिजवून भिजवून त्यानं तिचा पार लगदा केला होता. "का गं? भाकरी संपली काय घरातली, बोटं खायला?"

भुवी खदखदून हसली. प्रश्न तिचा नव्हताच. शनिवारी मधल्या सुट्टीत तिनं मैत्रिणींना आईची युक्ती दाखवली होती. तीन बोटं एकावर एक उभी धरायची आणि तोंडात घालायची. गेली, तर तोंड नीट उघडतंय. सगळ्या पोरींची गेली. मग सना म्हणाली, "आता घरच्यांचं. तुझे अप्पा तंबाखूचा मावा खातात ना? त्यांना विचारून दाखव, मग मानते तुला."

गेल्याच महिन्यात वक्तृत्वाची ढाल आणलेली भुवी मागं हटते होय? तिनं गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तक्ताच आखला. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला बोटं. सकाळपासून फोनवर एकेकीचा आकडा येत होता. सनाचे अब्बा, तीन. शेवटच्या ओळीत 'अप्पा' लिहिलं होतं. त्याच्यापुढं मोकळी जागा.

असं सगळं नोंदवायची खोड तिला आईमुळं लागली होती. सिद्धेश्वरी चौदा वर्षं जुळे सोलापुरातल्या एका दातांच्या दवाखान्यात होती. लोकांचे दात साफ करायचे, हिरड्या तपासायच्या, गालाच्या आतून बोट फिरवून बघायचं. दिवाळीनंतर तिनं ते सोडलं. मनगट दुखतं म्हणाली. आता ती घरीच लॅपटॉपवर काम करत होती. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कुठल्या दातावर काय केलं ते वाचायचं आणि विमा कंपनीसाठी त्याला ठरलेला कोड द्यायचा. तोंड दिसत नाही, माणूस दिसत नाही.

भुवीला हे काम काही आवडलं नव्हतं. दवाखान्यात आईला सगळे मॅडम म्हणायचे. इथं ती गाऊनवर बसून कुणाचे तरी दात मोजते. पण कामाचा पहिला नियम मात्र तिला पाठ झाला होता. तो तिनं तक्त्याच्या वर लाल शाईनं लिहिलासुद्धा होता: लिहिलेलं तेच झालं. लिहिलं नाही, ते झालंच नाही.

"सांगा की अप्पा. घाबरलात काय?"

"एसटी चालवणारा माणूस हाय मी, बोटांना घाबरतोय?" विरेशनं हात पुसला. फेब्रुवारीचं ऊन पत्र्यावर तापत होतं, तरी त्याच्या गळ्यात मफलर होता. त्यानं तीन बोटं उभी धरली. दोन गेली. तिसरं ओठांशीच अडलं. त्यानं जरा जोर लावला. डोळ्यांत पाणी आलं. मग हात खाली घेऊन तो हसायला लागला. "बोटंच जाड हायत माझी."

लॅपटॉपवरची टकटक थांबली होती.

"आई, बघ ना गं यांचं तोंड. तुझंच काम आहे ते."

"माझं काम आता हे आहे." सिद्धेश्वरीनं मान वळवली नाही.

भुवीला राग आला. ढाल मिळाल्यापासून सुटलेली जीभ तिला आवरली नाही. "चौदा वर्षं गावाची तोंडं बघितलीस आणि घरातलं एक दिसलं नाही तुला?"

सिद्धेश्वरीनं मेजाचा खण उघडला. आतून एक फाइल काढून लेकीपुढं ठेवली.

"सिद्धे, नको," विरेश म्हणाला. "दहावी होऊ दे की पोरीची."

"तिनं विचारलंय ना? मग सांगू दे मला." ती लेकीकडं वळली. "दिवाळीच्या आधी मीच बघितलं. यांच्या गालात आतून पांढरा डाग होता. तुकडा तपासायला दिला. कॅन्सर आहे, भुवे. गळ्यात उतरलाय. आता ऑपरेशनचाही उपयोग नाही म्हणाले. दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडं तेच सांगितलं."

भुवी मफलरकडं बघत राहिली.

"पण... तुझं मनगट?"

"मनगटाला काय झालंय?" सिद्धेश्वरीनं हात पुढं करून फिरवून दाखवला. "रिपोर्ट आल्यावर तीन दिवस गेले मी दवाखान्यात. पेशंट तोंड उघडायचा आणि मला यांचंच तोंड दिसायचं. एका बाईच्या तोंडात हात घालून रडले. आणि घरात कुणीतरी लागणारच आहे आता. यांना ड्युटी जमेनाशी झाल्यावर."

विरेश चमच्यानं लगदा ढवळत बसला. "मी वर्षानुवर्षं ऐकलं नाही तिचं," तो ताटाकडं बघून म्हणाला. "रोज म्हणायची, तोंड दाखवा. मी म्हणायचो, दवाखाना दवाखान्यात ठेव."

भुवीचा फोन वाजला. पडद्यावर सनाचा मेसेज होता. 'विचारलंस? किती?'

भुवीनं वही पुढं ओढली. तक्त्याची शेवटची ओळ तशीच रिकामी होती. वर लाल शाईतला नियम तिनं पुन्हा एकदा वाचला. मग पेनाचं टोपण काढलं आणि दोघांकडं बघितलं. वक्तृत्वाच्या स्टेजवरचा तिचा आवाज इथं कुठून आणायचा ते तिला कळेना.

"आई, अप्पा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "मी तीन लिहितेय."