पांघरुणाखालचे उंदीर

एनेलेसीने काडी ओढली, ती वाऱ्याने विझली. दुसरी ओढली, तीही विझली. तिसरी काढत होती तेवढ्यात मागून हाक आली, "आई, अहो आई! काय करताय?"

चर्चचे डीकन मासेको सायकल तिथेच टाकून धावत येत होते; गावातल्या मोठ्या बायांना ते आईच म्हणत. गावाला शेती शिकवायचं काम मिशनने त्यांच्याकडे दिलेलं. मक्याची कणसं काढली की ताटं जाळू नका, जमिनीवर अंथरा, ओल टिकते, असं ते सांगत. त्याला ते देवाचं पांघरूण म्हणत. सारं गाव हसलं होतं. मनावर घेतलं ते एकट्या एनेलेसीने. आज तिसऱ्या वर्षी तिच्या कणगीत नवं पीक हाती येईपर्यंत न्सिमाला, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीला, पुरेल एवढा मका होता.

"उंदीर काढतेय," ती म्हणाली.

शेत पेटवून खाण्यासाठी उंदीर धरायचे, ही इथली जुनी रीत. रान जळालं की बिळं उघडी पडतात. पहिल्या वर्षी एनेलेसीचं पांघरूण असंच जाळलं गेलं होतं, आणि तेही तिच्याच नवऱ्याने, सायमोनीने, पाच उंदरांपायी. उंदीर धरण्यात सायमोनीचा हात धरणारा त्या टापूत कुणी नव्हता. तेव्हा ती महिनाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

"आई, गेल्या रविवारी भर चर्चमध्ये कोण म्हणालं, की ताटं जाळणाऱ्याने माझ्या दारात पाऊल टाकू नये?"

"मी म्हणाले. तेव्हा आमचे हे जेवत होते. आज चौथा दिवस, अन्नाला शिवले नाहीत. ताप उतरला, दवाखान्यातून घरी आणलं, पण न्सिमाचा घास पुढे केला की तोंड फिरवतात. काल म्हणाले, पुढच्या पेरणीत मला धरू नकोस. आज सकाळी एवढंच बोलले, उंदीर असता तर खाल्ला असता. शेत काय, मी पुन्हा अंथरेन. माणूस कुठून आणू?"

मिशनच्या शिकवणीत याबद्दल काहीच नव्हतं. मासेकोंनी कोट काढून सायकलवर ठेवला, बाह्या दुमडल्या, गुडघे टेकले आणि ताटांचा एक कवळा उचलून बाजूला ठेवला.

"हाताने?" एनेलेसीने विचारलं. "सगळं शेत?"

"तुम्ही काड्या खिशात ठेवा आणि कुदळ आणा."

तासभर दोघं खणत राहिली. बिळं भरपूर, पण उंदराचा पत्ता नाही. मासेकोंच्या अंदाजाचं तर विचारूच नका. ते जिथे बोट दाखवत तिथे हमखास रिकामं निघे. एनेलेसीच्या तळहातांना फोड आले. तिचा हात पुन्हा काड्यांकडे गेला.

"आंधळे आहात का दोघं?"

शेताला लागूनच असलेल्या घराच्या दारात सायमोनी उभा होता, चौकटीला धरून, खांद्यावर चादर. चार दिवसांत पहिल्यांदाच अंथरुणातून उठला होता.

"पुढचं तोंड काय उकरताय? तो मागच्या दाराने कधीच गेला. डीकन, तुम्ही आपली प्रार्थना करा, हे तुमचं काम नव्हे."

मासेकोंनी त्याला पाठीवर घेतलं. अंगात वजन असं राहिलंच नव्हतं. बांधावर बसवलं, तसा सायमोनी काठीने दाखवू लागला.

"तिथे. माती भुसभुशीत दिसते ना? ते मागचं दार. त्यावर पाय दे. आता पुढून खण. हळू! माझी कबर खणतेस का?"

"तोंड आवरा," एनेलेसी म्हणाली, पण कुदळ हळू चालवू लागली.

पहिला उंदीर मासेकोंच्या बोटांतून निसटला. त्यावर सायमोनी इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. पुढचे दोन मिळाले. चौथा मासेकोंनी शेपटीला धरून अभिमानाने वर केला.

सायमोनीने डोळे बारीक केले. "मादी आहे. गाभण. सोडा तिला."

"सोडू? एवढ्या कष्टाने धरली ती?"

"सोडा म्हणतो ना."

एनेलेसीने नवऱ्याकडे पाहिलं. उभ्या जन्मात त्याने हातात आलेला उंदीर सोडला नव्हता.

मग दोघांनी बाजूला केलेली सगळी ताटं पुन्हा जागच्या जागी अंथरली. एनेलेसी कडा दाबत गेली, झोपलेल्या लेकराच्या पांघरुणाच्या दाबाव्यात तशा. अंगणात येऊन तिने चुलीसाठी काडी ओढली. भिंतीच्या आडोशाला ती एका दमात पेटली.

मिठाच्या पाण्यात उकडलेला उंदीर तिने न्सिमाबरोबर पुढे ठेवला आणि श्वास रोखून बसली. सायमोनीने वास घेतला. एक घास खाल्ला, बराच वेळ चावला.

"धुराचा वास नाही," तो म्हणाला. "चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं."

पण त्याने न्सिमाचा दुसरा घास मोडला, मग तिसरा. खाता खाता तो शेताकडे पाहत होता.

"म्हणजे पुढच्या वर्षी पण असतील की उंदीर," तो म्हणाला. "तेव्हा डीकनना आधी शिकवावं लागेल."

एनेलेसीने तोंड फिरवलं आणि वाकून चुलीत जोरजोरात फुंकर घालू लागली. चूल तर केव्हाची पेटलेली होती.