वजाबाकी विसरलेल्या बाई

धुमाळ सरांनी कालिंदीबाईंच्या कपाळावर पट्टी चिकटवली आणि बाईंची वजाबाकी पुसली गेली.

"घाबरू नका, अर्ध्या तासाने पट्टी काढली की सगळं परत आठवेल," सर म्हणाले. शिक्षकांच्या प्रशिक्षणातला हा शेवटचा धडा होता, न येणाऱ्या मुलाच्या जागी बसून बघायचा, आणि तो खऱ्या वर्गातच व्हायचा होता. बाईंनी शेजारी मुद्दाम रेणूला बसवलं होतं. वजाबाकी आजही जमली नाही, तर ती पोर पुन्हा दुसरीत जाणार होती.

फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस होतं.

"दोनातून सात जात नाहीत," रेणू पुटपुटली. "मग शेजारून दहा उसने घ्यायचे. तुम्हीच सांगता ना रोज?"

"मी सांगते?" बाई खरंच गोंधळल्या. "आणि परत कधी द्यायचे?"

रेणूने बाकावर हात आपटला. "तेच तर! आई शेजारून वाटीभर साखर आणते, तीसुद्धा परत देते. इथं कुणी देतच नाही. म्हणून मी घेतच नाही!"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, कारण उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं. दोघींनी काड्या मांडल्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. मग रेणूने एका गठ्ठ्याचं रबर काढलं.

"अय्या बाई, उसने कुठले? आपल्याच काड्या आहेत की! नुसत्या सोडायच्या!" सत्तावीस बाजूला काढून तिने उरलेल्या मोजल्या आणि ओरडली, "पंचवीस!"

धुमाळ सर पट्टी काढायला पुढे आले.

"थांबा हो सर," बाई म्हणाल्या. "अजून एक गणित होऊ दे. रेणूबाई शिकवतायत."