रिकामं ताट

चंद्रकला नन्नावरे दिवाकरभाऊंना ओवाळत होती, तेव्हा चंद्रपुरात एकावन्न अंश तापमान होतं. उमेदवाराच्या छातीवर सरकारी वचनयंत्र हिरवं लुकलुकत होतं. ते जे वचन ऐकेल, ते उमेदवार निवडून येताच आधी त्याच्या स्वतःच्या घराला लागू व्हायचं, पाच वर्षं. म्हणून भाऊ हल्ली जपून बोलायचे. झाडं लावू, वीज वाचवू, एवढंच.

भाऊंचा हात सवयीने खिशात गेला.

"पैसे नको, भाऊ. शब्द द्या," चंद्रकला म्हणाली. "मंत्री असताना तुम्ही आमच्या वस्तीत वीज वाचवली होती, तशीच वाचवा. उन्हाळाभर, रोज दुपारी बारा ते पाच बंद."

आपली योजना कुणाला तरी आवडली होती. भाऊ सुखावले. त्यात समोर कॅमेरे, आणि ओवाळणाऱ्या बहिणीचं ताट रिकामं ठेवू नये, ही आईची शिकवण.

"दिला शब्द, ताई."

यंत्र लाल झालं, वचन नोंदलं गेलं. भाऊंनी घाईने छातीवर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"त्याच योजनेत माझा नवरा गेला," चंद्रकला शांतपणे म्हणाली. "बंद पंख्याखाली, उकाड्यानं."

भाऊंनी घाम पुसला. अर्ज मागे घ्यायची मुदत कालच संपली होती.

"म्हणजे तुमची वस्ती आता मला पाडणार," ते जवळजवळ आशेने म्हणाले.

चंद्रकलाने त्यांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या.

"छे हो, भाऊ. एकूण एक मत तुम्हालाच."