वळचणीवरची लाल ठिणगी

“आता?” वेंडेलने गॅरेजमधून फोनवर विचारलं.

“आता झकास,” अंगणातून लॉर्ना म्हणाली. “लालभडक. सरळ धुराड्यापर्यंत पळतेय.”

दुखरा गुडघा सांभाळत वेंडेल घराला वळसा घालून पुढे आला. वळचणीवरची दिव्यांची पट्टी हिरवीगार होती. पळायचं तर नावच नको. मधल्या खिडकीवर एक ठिणगी जागच्या जागी थरथरत होती.

“हे लाल?”

“तू यायच्या आधी होतं. दिव्यांनाही तुझा धाक आहे, दुसरं काय!”

तो चरफडत परत गेला. डुलुथच्या कागद गिरणीतल्या अजस्र मोटारी त्याने हयातभर मुठीत ठेवल्या होत्या, आणि आता आगपेटीएवढ्या बोर्डाने त्याच्या नाकी नऊ आणले होते. पट्टीतल्या प्रत्येक दिव्याला वेगळा हुकूम देता येतो म्हणे. देता येतो हो, पण ऐकतंय कोण? पट्टीला रंगांच्या हुकमात आधी लाल सांगायचा की आधी हिरवा, इथेच घोडं पेंड खात होतं. मघाशी त्याने क्रम बदलला तर लॉर्ना म्हणाली, हिरवं दिसतंय. म्हणून पुन्हा उलटा केला, तर हे हिरवं रान. लॅपटॉप बाहेर नेऊन स्वतःच बघत बसावं, तर या थंडीत तो दोन मिनिटांत मान टाकतो.

आणि हे सगळं एमेट यायच्या आत व्हायला हवं होतं. एमेट म्हणजे त्यांचा सात वर्षांचा नातू. त्याची आई इस्पितळात कामावर, म्हणून शाळेतून त्याला आणायला आजी जाणार होती. गेल्या नाताळात आजोबांचे दिवे ऐन वेळी पेटलेच नाहीत. तेव्हा पोरगं रडलं नाही. उलट आजोबांच्या पाठीवर थोपटून म्हणालं, “असू दे, होतं असं.” ते वेंडेलला फार लागलं होतं. यंदा त्याने शब्द दिला होता, की गाडी वळणावर आली रे आली की लाल ठिणगी धुराड्याकडे धावत सुटेल. पोराने पुन्हा आपली समजूत घालावी, हे त्याला सोसवणार नव्हतं.

लॉर्ना थर्मास घेऊन गॅरेजमध्ये आली आणि कपात कॉफी ओतू लागली.

“अगं, बोट बुडवतेस त्यात!”

“गरम आहे का बघत होते. पी गुपचूप, नखरे नकोत. मला निघायला हवं, पोर एकटं वाट बघत बसेल.”

“बर्फ भुरभुरतंय. मी जाऊ का?”

“तू आधी हे उरक. त्या रस्त्याने मी तुझ्याशी लग्न व्हायच्या आधीपासून जातेय.”

“आणि आपली टपालपेटी कोणी वाकवली?”

“किती वेळा सांगू? बर्फ काढणाऱ्या गाडीने.”

त्यावरून वेंडेलने नगरपालिकेला फोन करून तोंडसुख घेतलं होतं, पण तिथल्या लोकांनी साफ कानांवर हात ठेवले. आजकाल कोणी कशाची जबाबदारी म्हणून घेत नाही.

“जाता जाता एकदाच बघून सांग,” तो अजिजीने म्हणाला.

ती फोन कानाला लावून अंगणात गेली. त्याने पळण्याचा वेग बदलला, क्रम पुन्हा तपासला, बटण दाबलं.

“आलं लाल,” लॉर्ना म्हणाली.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या ड्वेनचा आवाज फोनमधून इथपर्यंत आला. “काय हो, यंदा घराला शेवाळं धरलंय वाटतं!”

“लाल आहे ते, ड्वेन!” लॉर्ना तिकडून ओरडली.

ड्वेनला काड्या घालायची जुनी खोड. वेंडेलने दात-ओठ खाल्ले. मग एकाएकी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. लॉर्ना बघते तेव्हा लाल, बाकीचे बघतात तेव्हा हिरवं. म्हणजे रंग क्षणाक्षणाला बदलतोय. म्हणजे प्रोग्राम ठीक आहे, तारेचा जोड सैल आहे! इतका वेळ आपण उगीच भलतीकडे डोकं फोडत बसलो. जोड कथलाने नव्याने डाखला की झालं, पाच मिनिटांचं काम.

त्याने भिंतीतला प्लग उपटला. बोर्ड, पट्टी, दोन्हींची वीज त्या एकाच प्लगवर होती. बोर्डावरचा बारका दिवा विझला. त्याने सोल्डरिंगची डाखणी शोधायला दुसरा हात पुढे केला.

“अरे, आता हात लावू नकोस!” टेबलावरचा फोन आनंदाने ओरडला. “जमलं बघ! लाल ठिणगी, मागे शेपूट, धुराड्यापर्यंत जातेय आणि परत येतेय. एमेट वेडा होईल. तसंच राहू दे, मी निघाले त्याला आणायला.”

वेंडेल हातातल्या प्लगकडे बघत राहिला. कॉफीत बुडवलेलं बोट आणि वाकलेली टपालपेटी त्याला एकदमच आठवली. बाहेर गाडी सुरू झाली.