तेलाचे दोन डबे

डॉक्टरांनी बाबांना बजावलं होतं, "कोलेस्ट्रॉल फार वाढलंय. वजनं उचला आणि तळलेलं बंद करा, नाहीतर हार्ट अटॅक ठरलेला." बाबांनी सोयीचं तेवढंच ऐकलं. स्वयंपाकघरातले तेलाचे पत्र्याचे दोन डबे ते रोज सकाळी उचलायला लागले. वर "व्यायाम करणाऱ्याला सगळं पचतं" म्हणत आईकडून दोन्ही वेळा तळलेले बटाटे वसूल करायचे. आधी हात थरथरायचे, पण हळूहळू डबे सरसर डोक्यावर जायला लागले. मग काय, आम्हाला रोज दंड दाखवणं सुरू झालं.

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला, तो पहिल्यापेक्षा वाईट.

"लॅबवाले बिनडोक आहेत," बाबा खेकसले. "इकडे माझी ताकद दुप्पट झाली आणि म्हणे कोलेस्ट्रॉल वाढलं. ए काडी, हसतेस काय? तू एक डबा उचलून दाखव."

मी डब्याची कडी करंगळीत अडकवली आणि डबा सरळ त्यांच्या नाकासमोर धरला.

कढईवरची नजर न हलवता आई म्हणाली, "दुसराही तेवढाच हलका आहे. दोन्हींतलं तेल तुमच्याच पोटात गेलंय."