पोटभर जेवणारा पाहुणा

"गरम आहे तोवर खा. इमरती निवली की तिच्यात राम नाय," केशवराव म्हणाले आणि दोन पावलं मागं सरकले.

मुकुंदनं खाल्ली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा बदलीवर जे कारकून औरंगाबादेत येऊन पडले, त्यांतला हा कोकणातला पोरगा. गावात ओळख एकच, या म्हाताऱ्याची. तीही कालचीच, गुलमंडीतल्या याच दुकानापुढची.

"तुम्ही घ्या की."

"मला गोड वर्ज्य आहे सध्या. आमच्या रंगूला मात्र रोज लागते. धाकटा भाऊ माझा. खाण्याचा लई नाद."

"कुठं असतात?"

"प्रवासात आहे."

मग त्यांनी गोत्र विचारलं. मुकुंदनं वासिष्ठ सांगितलं.

"आमच्याहून वेगळं. जमेल. आई-वडील?"

"लहानपणीच गेले. वार लावून जेवलो. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या."

"म्हणजे घरातलं चार गोष्टी सांगणारं कुणीच नाही," केशवराव म्हणाले. त्यांचा चेहरा जरा उजळला.

आता गोत्र विचारणाऱ्याच्या घरात लग्नाची पोरगी असते, हे शेंबडं पोरही सांगेल. मुकुंदला ती दुसऱ्याच दिवशी दिसली. तो केशवरावांना हाक मारायला गेला, तर दमयंती दारात उभी. आत या म्हणाली नाही. त्याच्याकडं बघत राहिली.

"सगळं खाता म्हणे?"

"सगळं."

"बाबांना हायसं वाटलंय."

झालं, गडी विरघळला. वारावर वाढलेल्याला हवं तरी काय असतं? रोज एकाच घरचं ताट. त्या दिवसापासून मुकुंदला तेच दिसू लागलं.

आठवडाभर केशवराव त्याला हिंडवत होते. शहागंजात मिरचीची भजी, औरंगपुऱ्यात कचोरी, खुलताबादहून आलेला खाजा. मटणाच्या नान-खलियाच्या डेगीपुढून जाताना म्हणाले, "वास घ्या खुशाल. वासाला जात नसते." रंगूला काय आवडतं ते सांगायचे आणि मुकुंद किती खातो ते बघायचे. स्वतः कण तोंडात टाकत नव्हते. पुडा हातात देत नव्हते, फळीवर ठेवायचे. सोवळं फार कडक, मुकुंद मनात म्हणाला. दाढीचे खुंट वाढले होते आणि सुपारी मारुतीपुढून जाताना म्हातारा हातही जोडत नव्हता.

"देवाशी भांडण झालंय वाटतं?" मुकुंदनं चिडवलं.

केशवराव हसले नाहीत. "उद्या घरी पानावर बसा. तुम्ही जेवलात की मी सुटलो."

मुलीचा बाप दुसरं काय बोलणार? मुकुंदला रात्रभर झोप नाही.

दुसऱ्या दिवशी केशवरावांची दाढी गुळगुळीत होती, टोपी कानापर्यंत ओढलेली. पान एकच मांडलं होतं, त्याच्याभोवती रांगोळी नव्हती. पानात मात्र अख्खं शहर. इमरती, भजी, कचोरी, खाजा. दमयंती वाढत होती. मुकुंद जेवला, आजवर कुठल्याच घरी जेवला नाही इतका.

"पुरे म्हणू नका," केशवराव म्हणाले. "तृप्त झालो म्हणा."

"तृप्त झालो."

म्हाताऱ्याचे डोळे भरले. त्यांनी नवं धोतर, छत्री, पायताण, वर गादीची वळकटी त्याच्यापुढं ठेवली. भाड्याच्या खोलीत सतरंजीवर झोपणाऱ्या मुकुंदनं वळकटी छातीशी धरली. लग्नाआधीच इतका आहेर!

सामान सावरत तो उंबऱ्याबाहेर आला. मागं दमयंती दार लावायला आली होती. त्यानं धीर करून विचारलं, "आता परत कधी येऊ?"

"मागं वळून बघू नका," ती म्हणाली. "आज रंगूकाकांचा अकरावा. त्यांच्या नावानं जेवलेला ब्राह्मण आमच्यात पुन्हा उंबरा चढत नाही."