भरल्या पोटी

डॉक्टरीणबाईंनी मेलेला मासा फळीवर ठेवला आणि अंगठ्याने त्याचं पोट दाबलं. पोट टणक होतं. मग त्यांनी कल्ला उचलून पाहिला. आत लालभडक असायला हवं होतं, तिथे शिळ्या चहाचा रंग होता.

"आज किती गेले?"

"सकाळपासून पाच-सहा," सून म्हणाली आणि तिने शेडच्या खांबाला पाठ टेकली. गेला आठवडाभर तिची सकाळ जाळी घेऊन मेलेले मासे वर काढण्यातच जात होती.

शेडच्या एका बाजूला माशांची टाकी होती. दुसऱ्या बाजूला खडीच्या वाफ्यांत पालक आणि पुदिना. माशांचं घाण पाणी पंपाने वाफ्यांत जायचं, मुळं त्यातलं खत ओढून घ्यायची आणि निवळलेलं पाणी परत टाकीत यायचं. घर त्यावरच चालत होतं. पालक अजून हिरवागार होता. त्याला काही कळलंच नव्हतं.

नवरा औषधाची बाटली घेऊन तयारच उभा होता. "अंगावर कापसासारखं पांढरं आलंय. दुकानदार म्हणाला, हे टाका, सगळे जंतू मरतात."

"सगळेच मरतात, तोच तर घोळ आहे," बाई म्हणाल्या. "या खडीत चांगले जंतूही राहतात. माशांची घाण तेच पचवतात. ते गेले की मासे जातील आणि माशांपाठोपाठ तुमची भाजी. बूचसुद्धा उघडू नका."

त्यांनी काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं, वर थेंब टाकले. पाणी जांभळं झालं, म्हणजे विषारी झालं होतं. मग त्यांनी माशाचं पोट चिरलं. आतून न पचलेल्या खाद्याचा लगदा बाहेर आला.

"पांढरं नंतर आलं. आधी पाणी बिघडलं, आणि ते बिघडलं खाण्याने. उरलेलं तळाशी कुजतंय. माशांना खाणं कोण घालतं?"

"मी," नवरा म्हणाला. "रोज सकाळी."

पुदिन्याच्या वाफ्याशी पाठमोरे बसलेले सासरे वळले. "सकाळी तर मी घालतो. उजाडताच."

"दुपारी मी घालते," सून हळूच म्हणाली. "मला वाटलं, या दोघांच्या भांडणात मासे उपाशी राहतात."

"म्हणजे रोज तीन पंगती उठतायत." बाईंनी तिघांकडे पाहिलं. "एकाच घरात राहता ना?"



बाप-लेक कित्येक महिने एकमेकांशी बोलत नव्हते. आधी निरोप सुनेमार्फत जायचे. त्याला सांग, पंप गरम होतोय. त्यांना सांग, मला डोळे आहेत. एक दिवस तिच्याने होईना. तिने निरोप पोचवणं सोडून दिलं. त्यानंतर घर शांत झालं होतं. तिला ती शांतता बरी वाटली होती.

"तीन दिवस काही घालायचं नाही," बाई हात धुताधुता म्हणाल्या. "मासे तोंडं वर काढतील, तरी नाही. रोज टाकीतलं थोडं थोडं पाणी बदला. पिंपात साठवलेलं घ्या, नळाचं थेट नको. हवेचा पंप बंद करू नका. आणि पुढे एकानेच घालायचं. कोणी, ते तुमचं तुम्ही ठरवा. त्याला माझ्याकडे औषध नाही."

त्या गेल्यावर तिघं कामाला लागली. नवऱ्याने तळातलं गढूळ पाणी नळीने बाहेर काढलं आणि पिंपातलं पाणी बादल्यांनी आणायला सुरुवात केली. सून टाकीत सावकाश ओतत होती. आणखी एक मासा आडवा होऊन वर आला. सासऱ्यांनी जाळी घेतली आणि त्याला बाहेर काढलं.

दहाबारा खेपांनंतर नवऱ्याने बादली ठेवली आणि कंबरेवर हात दाबला.

"त्याला म्हणावं," सासरे सुनेला म्हणाले, "काठोकाठ भरू नको. कंबर धरेल."

नवरा हाताच्या अंतरावर उभा होता.

"आप्पा," सून म्हणाली, "ते समोरच उभे आहेत." आवाजात राग नव्हता. तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

हवेचा पंप बुडबुडत राहिला. सासऱ्यांनी जाळी झटकली, पुन्हा झटकली. मग पाण्याकडे बघतच मुलाशी बोलले.

"खाण्याचा डबा तुझ्या खोलीत नेऊन ठेव. मला पहाटेच जाग येते. समोर दिसला की हात जातो."

नवऱ्याने बादली उचलली. पिंपापर्यंत गेला, ती अर्धी भरली आणि परत आला.

"डबा इथेच राहू दे," तो म्हणाला. "तुम्हीच घाला. मी विचारत जाईन, घातलं का म्हणून."

"विचार," सासरे म्हणाले आणि त्यांनी बादलीला हात लावला.

सुनेने आपली बादली उपडी केली आणि तिच्यावर बसली. पदराने तोंड पुसलं, डोळे मिटले. बराच वेळ तिला कोणी काही सांगितलं नाही.